घड्याळाला पंच करणारा माणूस : सर अर्नोल्ड लन
— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष बी. ए.

आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असते. बहुधा तो समाजसुधारक असतो, संत असतो, नाहीतर शास्त्रज्ञ. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते यांपैकी कोणीच नव्हते. बर्फावरून घसरण्याच्या एका खेळाला नियम घालून देणारे ते गृहस्थ. आता बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो चित्रपटातला काश्मीर, नाहीतर गोळेवाल्याची गाडी. तेव्हा असल्या माणसाशी आपला संबंध काय, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे गृहस्थ जन्मभर ज्या प्रश्नाशी झगडले तो आपल्या ओळखीचा आहे. माणसाचे कौशल्य मोजायचे कोणी, आणि कशाने? निकालाच्या फलकासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येऊन जातोच.

सर अर्नोल्ड लन यांचा जन्म १८ एप्रिल १८८८ रोजी मद्रास येथे झाला. आल्प्सच्या बर्फावर ज्याचे नाव कोरले जायचे होते त्याने पहिला श्वास घ्यावा तो मद्रासच्या ऐन उन्हाळ्यात, हा नियतीचा एक खेळच म्हणायचा. वडील हेन्री लन हे मेथॉडिस्ट पंथाचे मिशनरी व डॉक्टर. मिशनरी कामाच्या पद्धतीवरून त्यांचे आपल्याच मंडळींशी मतभेद झाले आणि लवकरच हे कुटुंब इंग्लंडला परतले. पुढे हेन्री लन यांनी प्रवासी सहली काढण्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्यात मोठे यश मिळवले. त्या काळी स्वित्झर्लंडला लोक जात ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात डोंगरावरच्या हॉटेलांना कुलपे लागत. ती हिवाळ्यातही उघडी ठेवायला लावणाऱ्या लोकांत हेन्री लन हे एक प्रमुख होते. १८९८ साली ते एक सहल घेऊन फ्रान्समधील शामोनी या गावी गेले. बरोबर दहा वर्षांचा अर्नोल्ड होता. तेथे त्याने प्रथम पायांना स्की बांधली.

स्की म्हणजे काय हे येथे थोडक्यात सांगतो. लांब, अरुंद आणि टोकाशी वर वळलेल्या दोन फळ्या पायांना बांधायच्या आणि हातांत दोन काठ्या घेऊन बर्फावरून घसरत जायचे. पूर्वी या फळ्या लाकडाच्या असत. नॉर्वे-स्वीडनकडे हे बर्फातून चालण्याचे जुने साधन. शेतकरी, शिकारी, सैनिक सगळेच ते वापरीत. त्यातूनच तिकडे स्पर्धा निर्माण झाल्या त्या दोन प्रकारच्या. एक, लांब पल्ल्याची शर्यत आणि दुसरी, उंचवट्यावरून हवेत झेप घेण्याची. निव्वळ उतारावरून खाली येणे हा काही स्वतंत्र स्पर्धेचा विषय आहे असे तिकडच्या जाणकारांना वाटत नसे. आल्प्सचा मुलूख मात्र निराळा. तेथे उभे कडे, खोल दऱ्या आणि मैलोगणती उतार. तेथे खरे कौशल्य लागते ते खाली उतरताना, वळताना आणि वेग आवरताना.

तरुण लन यांचे शिक्षण हॅरो या प्रसिद्ध शाळेत आणि ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात झाले. ऑक्सफर्डला त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका साप्ताहिकाचे संपादन केले, वादसभेचे चिटणीसपद भूषविले, गिर्यारोहण मंडळ काढले. १९०८ साली, म्हणजे अवघ्या विसाव्या वर्षी, आल्पाइन स्की क्लबची स्थापना केली. एवढे सगळे केले. पदवी तेवढी घेतली नाही! (आपल्या प्राध्यापकवर्गाने हे वाक्य वाचून पुढे जावे, त्यावरून माझ्याविषयी कोणताही तर्क करू नये.)

१९०९ साली मात्र त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. वेल्समधील कादर इद्रिस या डोंगराच्या कड्यावर चढत असताना ते कोसळले आणि उजव्या पायाचा चुराडा झाला. पाय वाचला खरा, पण तो दुसऱ्या पायापेक्षा दोन-तीन इंच आखूड झाला आणि जखम कित्येक वर्षे वाहत राहिली. वय एकवीस. ज्या माणसाचे सारे सुख डोंगरात साठवलेले, त्याला आता सपाट रस्त्यावरही लंगडत चालावे लागणार होते.

दुसरा कोणी असता तर स्कीच्या फळ्या माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. लन पुन्हा बर्फावर उभे राहिले. १९१७ साली त्यांनी जोसेफ क्नुबेल या नामांकित वाटाड्याबरोबर डोम या साडेचार हजार मीटरहून उंच शिखरावर स्कीच्या साहाय्याने पहिली चढाई केली. शर्यतीत पहिला नंबर मिळवणे मात्र आता त्यांच्या नशिबी नव्हते. ज्याला स्वतःला धावता येत नाही तो पुष्कळदा धावणाऱ्यांकडे अधिक बारकाईने पाहतो. लन यांचे तसेच झाले. शर्यत कशी असावी, ती कशी मोजावी, या विचाराने त्यांना घेरले.

तत्पूर्वी, १९११ च्या जानेवारीत, लन यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे एक शर्यत झाली होती. तिचा चषक फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी दिला होता. हे रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेले. १८८० साली मैवंदच्या लढाईत इंग्रजी फौजेचा पराभव झाला, तेव्हा काबूलहून कंदाहारपर्यंत सैन्य नेऊन त्यांनी तेथील वेढा उठवला. मैवंदच्या त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. रॉबर्ट्स यांच्या किताबात कंदाहारचे नाव आले, किताबातून ते चषकावर आले आणि चषकावरून १९२४ साली लन यांनी म्युरेन येथे काढलेल्या कंदाहार स्की क्लबला मिळाले. आजही आल्प्समधील काही नामांकित उतारांना कंदाहार म्हणतात. अफगाणिस्तानातल्या उन्हाने भाजलेल्या शहराचे नाव युरोपातल्या बर्फावर कसे जाऊन बसले, त्याची हकीकत ही अशी आहे.

या पहिल्या शर्यतीत दहा स्पर्धक होते. वाईल्डस्ट्रूबेलच्या डोंगरी झोपडीपासून सर्वांनी एकदम निघायचे, हिमनदी ओलांडायची आणि खाली गावापर्यंत यायचे. जो प्रथम पोहोचेल तो विजयी. यात पंचाला काम फारसे नव्हते. भानगड होती ती दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत, म्हणजे वळणांच्या.

स्लॅलम हा शब्द मूळचा नॉर्वेचा. उतारावरची वाट असा काहीसा त्याचा अर्थ. उतारावर अडथळे मांडायचे आणि त्यांतून वळणे घेत खाली यायचे, ही कल्पना लन यांच्या आधीही होती. ऑस्ट्रियात मथियास झडार्स्की यांनी १९०५ सालीच दारांमधून उतरण्याची स्पर्धा घेतली होती. परंतु वळणांची परीक्षा घेताना पुष्कळ ठिकाणी पंच उभे राहत आणि वळण किती डौलदार झाले हे पाहून गुण देत. गुडघे जुळलेले होते का? शरीर ताठ होते का? रेषा सुबक उमटली का? आपल्या स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धा आठवावी. तीन परीक्षक, तीन मते, आणि निकालानंतर मैदानाच्या कोपऱ्यात तासभर चालणारी कुजबूज. डौल हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. शिवाय पंच ज्या पद्धतीत तयार झाला असेल तीच पद्धत त्याला सुंदर वाटणार. ज्याने महागडा शिक्षक लावून ती उचलली त्याचे फावणार, आणि जो आपल्या बुद्धीने काही नवे करील तो मागे पडणार.

लन यांनी या गोष्टीचा मुळापासून विचार केला. वळण घ्यायचे ते कशासाठी? समोर झाड आहे, खडक आहे, तो चुकवायचा आणि शक्यतो वेग गमवायचा नाही, एवढ्यासाठीच. तसे असेल तर जो कमीत कमी वेळात सगळे अडथळे चुकवून खाली येतो त्याचे वळण उत्तम, मग ते दिसायला कसे का असेना. १९२२ च्या जानेवारीत म्युरेनच्या उतारावर त्यांनी निशाणांच्या जोड्या रोवल्या. प्रत्येक जोडी म्हणजे एक दार. ही दारे त्यांनी अशी मांडली की स्पर्धकाला कधी लांब, कधी आखूड, कधी अवघड वळण घेणे भागच पडावे. प्रत्येक दारातून गेलेच पाहिजे, आणि निर्णय देणार फक्त घड्याळ! आज जगभर खेळल्या जाणाऱ्या स्लॅलमचा पाया तो हा.

आज हे इतके साधे वाटते की त्यात शोध तो काय लागला, असे कोणी विचारील. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते घड्याळ कोणाचा मुलगा खाली येतो आहे हे पाहत नव्हते, की त्याचा पोशाख कोणत्या शिंप्याने शिवला हेही विचारीत नव्हते. वेळ ती वेळ.

हाच न्याय स्त्रियांच्याही कामी आला. १९२३ साली म्युरेनला लेडीज स्की क्लब निघाला त्यामागे लन यांचे प्रोत्साहन होते. १९२८ साली शिल्टहॉर्न शिखरापासून खाली लाउटरब्रुनेनपर्यंत इन्फर्नो नावाची प्रचंड लांबीची शर्यत सुरू झाली. त्या पहिल्याच शर्यतीत डोरीन एलियट ही स्त्री पुरुषांच्या बरोबरीने उतरली आणि चौथी आली. डौलाचे गुण असते तर पंचांनी तिला कौतुकाचे दोन शब्द ऐकवून घरी पाठवले असते. घड्याळाने तिला चौथा क्रमांक दिला.

त्याच वर्षी लन यांनी ऑस्ट्रियातील थोर स्की-शिक्षक हॅनेस श्नायडर यांच्या सहकार्याने सांक्ट आन्टोन येथे आर्लबर्ग-कंदाहार ही स्पर्धा सुरू केली. उतार-शर्यत आणि स्लॅलम अशा दोन्हींचा मिळून निकाल लावण्याची ही पद्धत पुढे फार गाजली. आंतरराष्ट्रीय संघटनेत मात्र नॉर्वे-स्वीडनचे वजन मोठे. या नव्या खेळाला मान्यता मिळवण्यासाठी लन यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, लेख लिहिले, वाद घातले. ब्रिटिश स्की वार्षिकाचे संपादन तर त्यांनी सुमारे अर्धशतक केले. अखेर १९३० साली ऑस्लो येथील बैठकीत या दोन्ही प्रकारांना मान्यता मिळाली. विरोधकांच्याच घरात जाऊन लढाई जिंकली असे म्हणायला हरकत नाही. १९३१ साली म्युरेनला पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्त्रियांच्या दोन्ही शर्यती एस्मे मॅकिनन या ब्रिटिश मुलीने जिंकल्या. १९३६ साली जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

येथपर्यंत घड्याळाची कथा झाली. पण गंमत अशी की घड्याळ पंच झाले तरी सगळे प्रश्न सुटत नाहीत. उलट नवे उभे राहतात. १९३६ चेच उदाहरण पाहा. उतार-शर्यतीला आणि स्लॅलमला वेगवेगळी पदके नव्हती. दोन्ही मिळून एकच पदक. आता पाच मिनिटांची शर्यत आणि अडीच मिनिटांची शर्यत यांची बेरीज करायची कशी? नुसते सेकंद मिळवले तर लांब शर्यतीचे पारडे जड होते. म्हणून प्रत्येक शर्यतीत सर्वांत कमी वेळ ज्याचा त्याला १०० गुण, आणि बाकीच्यांना त्या वेळेच्या प्रमाणात कमी गुण. नॉर्वेच्या बिर्गर रूड याने उतार-शर्यत ४ मिनिटे ४७.४ सेकंदांत जिंकली. त्याला १०० गुण मिळाले. जर्मनीच्या फ्रान्झ फ्न्यूर याला ४ मिनिटे ५१.८ सेकंद लागले, म्हणून त्याला सुमारे ९८.४९ गुण. स्लॅलममध्ये फ्न्यूर पहिला, म्हणजे तेथे १००. दोन्हींची सरासरी ९९.२५, आणि सुवर्णपदक त्याचे. रूड स्लॅलममध्ये मागे पडला आणि एक शर्यत जिंकूनही एकूण चौथा आला. पदक नाही. आपल्या परीक्षेतही एका विषयात सर्वांत जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी एकूण यादीत खाली असतोच की!

हे टक्क्यांचे गणित फार महत्त्वाचे आहे, कारण पुढची सारी इमारत त्याच्यावर उभी आहे. पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम फक्त एवढेच सांगतो की कोण कोणाच्या पुढे आहे. दोघांत अंतर किती, हे तो सांगत नाही. दहा जणांत तिसरा आणि हजारात तिसरा, दोघांनाही यादी एकच आकडा देते. टक्केवारी मात्र अंतर सांगते. तीस सेकंदांच्या उतारावर तीन सेकंद मागे राहणे म्हणजे दहा टक्के मागे. साठ सेकंदांच्या उतारावर तेच तीन सेकंद म्हणजे पाच टक्केच. म्हणून आज आंतरराष्ट्रीय संघटना स्पर्धकांची यादी लावते तीही याच तत्त्वावर. विजेत्याच्या वेळेपेक्षा तुमची वेळ किती पटीने जास्त, हे काढून त्या अपूर्णांकाला शर्यतीच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. शर्यतीत उतरलेले खेळाडू कोणत्या दर्जाचे होते हे पाहून त्यात आणखी काही गुण मिळवतात. म्हणजे दुबळ्या मैदानात पहिला आलेला आपोआप जगज्जेत्यांच्या शेजारी जाऊन बसत नाही. गुण जितके कमी तितका खेळाडू श्रेष्ठ.

पण या यादीचा एक परिणाम पाहण्यासारखा आहे. पहिले काही स्पर्धक उतरून गेले की बर्फावर चर पडतात, दारांपाशी खड्डे होतात. मागून येणाऱ्याला खराब वाट मिळते. आणि आधी कोणी उतरायचे हे ठरते ते यादीवरून! ज्याचा क्रम वर त्याला वाट चांगली, आणि वाट चांगली म्हणून क्रम वर. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. त्यामुळे ही गोष्ट वाचताना मी क्षणभर थांबलो. घरात पुस्तके असणाऱ्याला वाट सपाट मिळते. ज्याच्या पुढे कोणीच गेलेले नाही त्याच्या पायाखाली नवे बर्फ असते की चर, हे त्याचे त्यालाच ठाऊक. स्कीच्या कारभाऱ्यांना मात्र हा दोष उमगला आहे. विश्वचषकाच्या स्लॅलममध्ये पहिल्या फेरीतील पहिले तीस जण दुसऱ्या फेरीत उलट क्रमाने सोडतात. तिसावा सर्वांत आधी आणि पहिला सर्वांत शेवटी. घड्याळ तेच राहते, वाट तेवढी थोडी सारखी होते.

ही झाली निवडक खेळाडूंची गोष्ट. जो रविवारी हौसेखातर उतरतो, त्याने स्वतःला मोजावे कसे? लन यांच्या काळी ब्रिटिश मंडळींत तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या वर्गाच्या परीक्षा होत्या. ती उत्तीर्ण झाली की बिल्ला मिळे. पुढे फ्रान्समधील शिक्षकांनी एक युक्ती काढली. शिक्षकाने उतरून एक वेळ लावून द्यायची आणि शिकणाऱ्याने आपली वेळ तिच्याशी ताडून पाहायची. ही युक्ती अमेरिकेतील स्की मासिकाचे संपादक जॉन फ्राय यांनी उचलली. १९६८ साली आठ ठिकाणी त्यांनी नास्टार नावाची योजना सुरू केली. तिचे मर्म हँडिकॅपमध्ये आहे.

हँडिकॅप हा शब्द आपल्याकडे घोड्यांच्या शर्यतीमुळे माहीत आहे. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे शर्यत चुरशीची होते. आपल्या गल्लीतल्या खेळात लहान पोराला लिंबूटिंबू म्हणून घेतात, तेही सवलतच. पण लिंबूटिंबू बाद झाला तरी बाद नसतो. थोडक्यात, त्याला खेळात घेऊनही मोजत नाहीत. स्कीमधील हँडिकॅप याच्या नेमका उलट आहे. तेथे कोणाच्या पायाला वजन बांधत नाहीत, कोणाला चार पावले पुढेही उभे करीत नाहीत. प्रत्येकाला मोजतात, आणि नेमके मोजतात.

ते असे. दर हंगामात ठिकठिकाणचे वेग-दर्शक राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूशी आपली वेळ ताडून घेतात. समजा, आपल्या उताराचा वेग-दर्शक त्याच्यापेक्षा पाच टक्के मंद ठरला. त्याचा हँडिकॅप ५. आता तो आपल्या उतारावर ३१.५ सेकंदांत आला, तर तो राष्ट्रीय खेळाडू येथे असता तर ३० सेकंदांत आला असता, असे गणिताने निघते. ही झाली मूळ वेळ. मग एखादा हौशी कारकून ३६ सेकंदांत उतरला, तर तो मूळ वेळेपेक्षा सहा सेकंद, म्हणजे वीस टक्के मागे. त्याचा हँडिकॅप २०. देशाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या उतारावर दुसऱ्या कोणाचा हँडिकॅप २२ आला, तर दोघांची कधी भेट न होता तुलना झाली. बर्फाच्या लहरीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होणारच, पण अंदाज लागतो.

पुढची पायरी पदकांची. वय आणि स्त्री-पुरुष भेद पाहून प्रत्येक गटाला निराळी मर्यादा असते. पंचविशीतल्या तरुणाला सुवर्ण मिळवायला जेवढा कमी हँडिकॅप लागतो, तेवढा साठीच्या आजींना लागत नाही. येथे एक बारकी गोष्ट आहे. आजींची वेळ कोणी बदलत नाही. ३९ सेकंद हे ३९ सेकंदच लिहितात आणि हँडिकॅपही ३० असाच लागतो. बदलतो तो त्याचा अर्थ लावण्याचा निकष. म्हणजे घड्याळ खरे बोलते, आणि माणूस त्या खऱ्यापुढे विचार करतो की हे कोणी केले, कोठून सुरुवात करून केले. मला वाटते, मोजमापाचा न्याय या दोन्ही गोष्टी मिळूनच पुरा होतो. नुसता विचार म्हणजे पुन्हा डौलाचे गुण, पंचाची मर्जी. आणि नुसते घड्याळ म्हणजे चर पडलेल्या वाटेवर मागून येणाऱ्याला तूच मंद म्हणणे.

लन यांच्या स्वभावात या दोन्ही बाजू होत्या, पण त्या नेहमी जुळत असत असे नाही. त्यांच्या वडिलांनी काढलेल्या सहलींच्या क्लबात बड्या शाळांतून, विद्यापीठांतून आलेल्यांनाच प्रवेश असे. शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच पैसा आणि प्रतिष्ठा लागे. घड्याळ निःपक्षपाती होते. पण त्या घड्याळासमोर कोण येऊ शकतो हे दुसरेच कोणी ठरवीत होते. याच लन यांनी १९१३ साली हॅरोसारख्या शाळेतील जीवन जसे आहे तसे रंगवणारी कादंबरी लिहिली, आणि तीवरून इतका गहजब झाला की त्यांना लंडनमधील पाच क्लबांचे राजीनामे द्यावे लागले. ते वादात रमणारे गृहस्थ. कॅथलिक पंथावर टीका करणारे पुस्तक लिहिले, त्या पंथाच्या विद्वानाशी पत्रांतून जाहीर वाद घातला आणि १९३३ साली स्वतःच तो पंथ स्वीकारला. स्पेनच्या यादवीत त्यांनी फ्रँकोची बाजू घेतली, हेही नमूद केले पाहिजे. चरित्रनायकाचे सगळेच आपल्याला पटले पाहिजे असे नाही.

एका प्रसंगी मात्र त्यांनी दाखवलेली ताठ मान मनात भरते. १९३६ चे ऑलिंपिक हिटलरच्या जर्मनीत झाले. आपण आयुष्यभर ज्याच्यासाठी झटलो तो खेळ त्या व्यासपीठावर आला याचा आनंद त्यांना निर्भेळपणे घेता आला नाही. त्यांचा मुलगा पीटर हा ब्रिटिश संघाचा कप्तान. त्याने उद्घाटनाच्या संचलनात भाग घेतला नाही. दोनच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, नाझी फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि हॅनेस श्नायडर यांना अटक झाली. त्याच सुमारास सांक्ट आन्टोनला आर्लबर्ग-कंदाहार स्पर्धा भरायची होती. लन यांनी ती रद्द केली. ज्या माणसाबरोबर शर्यत उभी केली तो तुरुंगात असताना त्याच्या गावात शर्यत घ्यायची नाही. बस्स! श्नायडर पुढे सुटले आणि १९३९ साली अमेरिकेला गेले. घड्याळ पंच म्हणून कितीही चोख असले तरी शर्यत केव्हा भरवू नये हे ते सांगू शकत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

१९५२ साली ब्रिटिश स्कीइंग आणि इंग्लंड-स्वित्झर्लंड मैत्री यांसाठी केलेल्या कार्याबद्दल लन यांना सर हा किताब मिळाला. साठांहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. २ जून १९७४ रोजी लंडन येथे वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आखूड पाय अखेरपर्यंत आखूडच राहिला.

त्यांनी सुरू केलेली इन्फर्नो शर्यत आजही दर जानेवारीत म्युरेनला भरते. सुमारे १,८५० हौशी स्पर्धक तीत उतरतात. त्यांतले बहुतेक जण जिंकायला येत नाहीत, हे उघड आहे. एवढ्यांत पहिला एकच येणार. बाकीच्यांना आपली गेल्या वर्षीची वेळ ठाऊक असते आणि यंदाची पाहायची असते.

मित्रहो, परीक्षेचा निकाल लागेल, फलकावर यादी लागेल. तीत आपला क्रम प्रत्येकाने पाहावा, तो खोटा नसतो. पण पहिल्यापासून आपण किती अंतरावर आहोत, मागील वर्षी ते अंतर किती होते आणि आपण कोणत्या वाटेने येथवर आलो, हे तीन आकडे यादीत छापलेले नसतात. ते ज्याने त्याने आपल्या वहीत मांडून ठेवावेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढून पाहावेत.